चमचा, चप्पल आणि मरळ

लेकरा, परवा तू तोंड पाडून घरी आलास. ऑनलाइन मागवलेला साडेआठशे रुपयांचा रबरी बेडूक जलपर्णीत अडकला, तंगूस तुटला आणि बेडूक तिथेच राहिला. "आबा, नशीबच खराब," म्हणालास. नशिबाला कशाला बोल लावतोस? मी काठावर बसून सगळं बघत होतो. सकाळी सहापासून नऊपर्यंत तू तो बेडूक उघड्या पाण्यात फेकत होतास. पाल्याजवळ फेकला तर अडकेल, ही धास्ती. मरळ बसलेली पाल्याखाली आणि तुझा बेडूक पोहतोय तिच्यापासून पन्नास हात लांब. शेवटी जीव मुठीत धरून एकदाच पाल्याकडे फेकलास, तोही इतका कचरत की नेमका गुंत्यात जाऊन पडला.

माझ्या मामाचं एक सांगणं होतं: जो गळ हरवायची भीती वाटते, तो मासा धरत नाही. म्हणून गळाला लावायचा फसवा मासा घरीच करावा. पैसे वाचतात हे खरंच, पण खरा फायदा मनगटाला होतो. घरात केलेला, फुकटातला गळ असला की हात मोकळा सुटतो आणि गळ जिथं पडायला हवा तिथं पडतो.

मामाचं गाव बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठी. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवलेली मांजरा लातूर, बिदर करत, सिंगूर आणि निजामसागर भरून पुन्हा आमच्या सीमेवर येते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. एका काठावर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू. पण आपला गळ तिकडे गालम् होतो, एवढाच फरक. माशाबद्दल बोलताना दोन्ही काठांना कधी दुभाष्या लागला नाही. पुढे मी हैदराबादला आलो, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून जन्मभर कानस घासली आणि दिलसुखनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर स्थिरावलो. बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी जो वाइस बसवलाय, तो तुझ्या आजीची बोलणी खाऊन तिथं टिकलाय. मामाकडून आलेलं आणि त्या वाइसवर शिकलेलं आता तुझ्या कानात घालतो.

आधी पाणी बघ, मग गळ कर

मेट्रोच्या खांबांखालून निघालास की सरूरनगरच्या तळ्यापर्यंत चालत जाता येतं. कुतुबशाहीतलं, 1626 सालचं तळं. आता त्यात सांडपाणी येतं, तेव्हा तिथला मासा ताटात घ्यायचा नाही. पण बघायला कोण अडवतंय? आठ दिवस गळ न घेता जा आणि नुसता काठावर बस.

मरळ म्हणजे इथली कोर्रमीनु, तेलंगणाचा राज्यमासा. या माशाला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणून तर ती चिखलातही तगते आणि बाजारात परातीत ठेवलेली तासन्‌तास जिवंत राहते. ती वर येते तेव्हा उडी मारत नाही. पाण्यावर एक गोल उमटतो, मधे बुडबुडा आणि संपलं. तो गोल ओळखायला शीक. जिथं तो उमटला तिथून दोन-चार हातांच्या आत ती दबा धरून असते, बहुधा पाल्याच्या सावलीत. मग तिच्या आजूबाजूला काय पोहतंय ते बघ. बेडकं आहेत का, लहान मासळी आहे का, चतुर पाण्यावर टेकतात का. जे तिथं आहे तेच करायचं.

ही काही माझी अक्कल नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मांजरेच्याच मुलखातलं. त्यात राजानं करायच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे: मासे कोणते, त्यांना काय चारायचं, काठी आणि दोरा कसा असावा. सिंहासनावर बसणाऱ्यालाही आधी मासा काय खातो हे बघावं लागलं, तर तुझीमाझी काय कथा?

आणि एक. फसवा मासा दिसायला हुबेहूब नसला तरी चालतो, चालीला मात्र पक्का हवा. दुकानात डोळे, खवले, रंग बघून माणूस फसतो. मासा फसतो तो लंगडण्याला.

चमचा: पहिला धडा

मामानं मला पहिला दिला तो पितळी चमचा. दांडी कापलेली, दोन्ही टोकांना भोक, एका टोकाला गळ. तो मी पहिल्याच दिवशी बाभळीच्या बुडालेल्या मुळ्यांत घालवला. आता मार बसणार म्हणून रडायला लागलो. मामा काही बोलला नाही. घरात गेला, मामीच्या फळीवरून दुसरा चमचा आणला, माझ्या हातात कानस दिली आणि म्हणाला, "घास."

चमच्याची ही युक्ती जगभर चालते. अमेरिकेत ज्युलिओ बुएल नावाच्या माणसाच्या हातून जेवताना चमचा तळ्यात पडला, बुडता बुडता तो हेलकावे खाऊ लागला आणि माशानं झडप घातली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो नसो, त्यानं 1852 साली चमच्याच्या गळाचं पेटंट घेतलं हे खरं. आपल्याकडे मद्रास इलाख्यातल्या हेन्री थॉमस या साहेबानं 1873 साली 'द रॉड इन इंडिया' लिहिलं आणि 1887 साली तळ्यांतल्या मासेमारीवर वेगळं पुस्तक काढलं. तेव्हा चमचा म्हणजे पोरखेळ समजू नकोस.

आता कृती. चमचा जाड पत्र्याचा घे. ॲल्युमिनियमचा फार हलका, वाऱ्यावर उडतो आणि लांब जात नाही. बेगम बाजारात भांड्यांच्या गल्ल्यांमध्ये हिंडलास तर हवा तसा जाड चमचा मिळेल. करवतीनं दांडी काप, कापलेली कड कानशीनं गोल कर, मग पॉलिश पेपर मार. बोट फिरवून बघ. बोटाला टोचलं तर तंगूसालाही टोचणार.

भोक पाडताना नव्वद टक्के लोक ड्रिल जाळतात. स्टेनलेस स्टीलचा स्वभाव असा की नुसतं घासलं तर ते आणखी कडक होतं. म्हणून आधी पंचनं खूण ठोक, चमचा वाइसमध्ये लाकडाच्या तुकड्यावर पक्का धर, ड्रिलचा वेग कमी ठेव, दाब जास्त दे आणि तेलाचा एक थेंब सोड. लोखंडाचा कीस लांब वळसे घेत निघाला तर बरोबर चाललंय. भुगा निघून किंचाळी यायला लागली तर थांब, तुझं ड्रिल कापत नाही, नुसतं चोळतंय. भोक 3 मिलिमीटरचं पुरे, कडेपासून तेवढंच आत. दोन्ही बाजूंनी मोठ्या ड्रिलच्या टोकानं भोकाची धार मोड. तंगूस थेट भोकात बांधू नकोस. किल्ल्यांच्या रिंगसारखी बारीक कडी घाल, कडीला भिंगरी लाव आणि भिंगरीला तंगूस. चमचा पाण्यात गरगरतो. भिंगरी नसेल तर तासाभरात तंगूसाचा वेटोळा होतो.

अरुंद टोकाला दोरा, रुंद टोकाला तीन तोंडांचा गळ. खोलगट चमचा सावकाश ओढला तरी मोठे हेलकावे घेतो. सपाट केला तर बारीक थरथरतो आणि जोरात ओढावा लागतो. म्हणून दोन कर: एक जसाच्या तसा आणि एक लाकडी हातोड्यानं थोडा सपाट केलेला. थंडीत मासा सुस्त असतो तेव्हा खोलगट, उन्हाळ्यात सकाळी तो पळत असतो तेव्हा सपाट.

चप्पल: मरळीचा बेडूक

तुझा साडेआठशेचा बेडूक मी चपलेत करून देतो. जुनी हवाई चप्पल घे, पट्टा तुटलेली. ती तरंगते, पाण्यात भिजून जड होत नाही आणि ब्लेडनं लोण्यासारखी कापते. टाचेकडची झिजलेली बाजू सोड, पुढचा जाड भाग घे.

5 सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद तुकडा काप. नाकाकडे निमुळता, बुडाकडे गोल. ब्लेडनं एका दमात कापायला जाऊ नकोस, पातळ पातळ चकत्या काढत आकार आण. ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवलं की सरकतं. मग पोटाखालून, नाकापासून बुडापर्यंत मधोमध एक खाच घे, व्हीच्या आकाराची, निम्म्या जाडीपर्यंत. ही खाच म्हणजे सगळी कला. मरळीचा जबडा मिटला की रबर या खाचेत दबतं, पाठ खाली जाते आणि गळाची टोकं उघडी पडतात. खाच नसली तर ती रबर चावते, थुंकते आणि निघून जाते, तू मात्र म्हणतोस, "आबा, लागला होता, सुटला."

गळ दोन तोंडांचा घे. त्याचा दांडा खाचेतून नाकाकडे काढ आणि दोन्ही टोकं बुडाकडून वर वळवून पाठीला लगटून ठेव. हाताचा तळवा पाठीवरून पुढून मागे फिरव. टोचता कामा नये. तळव्याला टोचलं नाही तर पाल्यालाही अडकत नाही. आता वजन. नुसती चप्पल हलकी, फेकली तर दहा हातांवर पडेल. बुडाशी, गळाच्या दांड्याखाली, 8 मिलिमीटर बोल्टचं एक नट दोऱ्यानं घट्ट बांध. ते साधारण 5 ग्रॅमचं असतं. त्यानं बेडूक लांब जातो आणि पाण्यात पडला की बूड खाली, नाक वर, गळाची टोकं आकाशाकडे असा सरळ बसतो. पाय हवेत म्हणून जुन्या रेनकोटच्या पट्ट्या काप नाही तर रबरबँड कापून झुपके कर. डोळे काढत बसू नकोस. मरळ खालून बघते, तिला पोट दिसतं.

फेकायचा तो पाल्याच्या पलीकडे. पाल्यावरून ओढत आण, आणि जिथं पाणी उघडं पडतं तिथं थांब. दोन श्वास थांब. बहुतेक वेळा घाव तिथंच बसतो. पाणी फुटलं रे फुटलं की तू काठी खेचतोस, हीच चूक. मनात एक, दोन, तीन म्हण. तिला तोंड मिटू दे, वळू दे, तंगूस ताठ होऊ दे, मग खेच. माझ्या हातून गेलेल्या निम्म्या मरळी या तीन आकड्यांच्या आत गेल्या.

लाकूड: निर्मलचा मोडका पोपट

नांदेडहून निर्मल काही लांब नाही. तिथली रंगीत लाकडी खेळणी पोनिकी नावाच्या मऊ, हलक्या लाकडाची असतात. तुझ्या आईचा असाच एक पोपट होता, शेपूट मोडलेला. त्यातून मी पाण्यावर टपटपणारा मासा कोरला. तेच लाकूड हवं असा हट्ट नाही. पांगारा चालतो, बाटलीचं मोठं बूचही चालतं. फिनलंडच्या लाउरी रापालानं 1936 साली आपला पहिला मासा बुचातूनच कोरला, त्यावर चॉकलेटची चंदेरी चांदी गुंडाळली आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून वरून थर दिला. गरीब कोळी होता. त्यानं एवढंच बघितलं होतं की मोठा मासा सगळा थवा सोडून त्यातला एक लंगडणारा उचलतो.

बोटाएवढा लांब तुकडा घे. तोंडाकडे तिरका काप देऊन वाटीसारखं कोर, म्हणजे झटका दिला की 'टप' वाजतं. गळ लाकडात स्क्रूनं बसवू नकोस. पोटाखाली नाकापासून शेपटीपर्यंत खाच घे, त्यात एकच अखंड स्टेनलेसची तार घाल, दोन्ही टोकांना फासे वळव आणि खाच अराल्डाइटमध्ये लाकडाचा भुसा कालवून भर. उद्या लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो.

इथं मी एकदा शहाणपणा केला. खेळणी करणारे कारागीर चिंचोक्याची खळ वापरतात म्हणून मीही खळ आणि भुसा लावून सुंदर मासा केला, वर रंग दिला, आजीनंही कौतुक केलं. तळ्यात अर्ध्या तासात खळ फुगली, रंगाचे पापुद्रे निघाले आणि माझा मासा कोड फुटल्यासारखा वर आला. खळ दिवाणखान्यातल्या पोपटाला, पाण्यातल्याला व्हार्निश. दोन हात दे, दोन्ही हातांमध्ये एक दिवस वाळव. पावसाळ्यात दोन दिवस.

जिग आणि शिसं: इथं मामाचं ऐकायचं नाही

जिग म्हणजे डोक्यात वजन आणि मागे पिसं. तळाला टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. कानमंत्र सांगताना वडीलधाऱ्यांची चूकही सांगावी, म्हणून हे सांगतो. मामा चुलीवर पळीत शिसं वितळवायचा आणि विटेत कोरलेल्या साच्यात ओतायचा. शिसं 327 अंशांना वितळतं, चुलीला ते सहज जमतं, म्हणूनच ते धोक्याचं. मीही इथं गच्चीवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करून ओतलं. साचा वरून कोरडा दिसत होता, आत ओल होती. ओलीची वाफ झाली आणि शिसं फटाक्यासारखं उडालं. उजव्या हाताच्या कोपराखाली हा जो पांढरा डाग तू लहानपणी बोटानं चाचपायचास, तो त्याच दिवसाचा. डोळ्याच्या जागी कोपर होतं, एवढंच दैव.

भाजणं तरी दिसतं. शिशाचं विष दिसत नाही, ते अंगात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त नडतं. इंग्लंडमध्ये हंस ही वजनं गिळून मरायला लागले, तेव्हा 1987 पासून बारीक शिशांवर बंदी आली. आपल्या घरात वाटी, पळी, गॅस सगळं स्वयंपाकाचं. तेव्हा शिसं वितळवायचं नाही, दातानं दाबायचं तर मुळीच नाही.

त्याऐवजी असं कर. गळाच्या दांड्यावर, डोळ्यालगत, पितळी मणी ओव. नाही तर बिनशिशाच्या सोल्डरची तार एकावर एक वेटोळे घेत गुंडाळ, वरून दोरा आवळ आणि नेलपॉलिशचे दोन थर दे. लक्षात ठेवायचं ते एवढंच: वजन दांड्याच्या खालच्या अंगाला आणि दोरा बांधायचा डोळा वरच्या अंगाला. असं जमलं की गळाचं टोक आपोआप वर राहतं आणि जिग दगडात कमी अडकतो. ज्या गळाचा डोळा काटकोनात वाकवलेला असतो, तो यासाठीच केलेला असतो. तोच आण.

पीस, जर आणि बेगड

चिकनवाल्याला सांगून गावरान कोंबड्याची मानेची पिसं घे. ती लांब, ताठ, टोकदार असतात. बुडाजवळची भुरभुरीत पिसं पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलतात. दोन्ही हवीत: आत भुरभुरीत, बाहेर ताठ. शांपूनं धू, सावलीत वाळव, डांबरगोळ्या टाकलेल्या डब्यात ठेव, नाही तर कसर लागते.

चमक हवी तर बाशिंगाची बेगड, जुन्या काठाची जर, टिकल्या. थोडीच. पिसांत जरीचे चार धागे पुरेत, लग्नाला निघाल्यासारखा जिग मरळीला संशयास्पद वाटतो. दोरा शिवणयंत्राचा, पण तो मेणबत्तीवर एकदा ओढून घे म्हणजे सरकत नाही. प्रत्येक पिसाला तीन वेढे, मग पुढचं पीस. सगळी एकदम धरून बांधलीस तर पहिल्या माशात मूठभर हातात येतील.

आवाजही चमकेएवढाच कामाचा. माशाच्या दोन्ही कुशींना एक रेघ असते, तिनं त्याला पाण्यातली थरथर कळते. सायकलच्या बेअरिंगमधले दोन बारीक छर्रे पेनाच्या टोपणात घालून तोंड अराल्डाइटनं बंद कर आणि ते लाकडी माशाच्या पोटात बसव. गढूळ पाण्यात डोळ्याआधी ही खुळखुळ पोचते.

रंगाचं थोडक्यात. गढूळ पाण्यात काळा, कारण वर उजेड असतो आणि खालून काळी सावली ठळक दिसते. निवळ पाण्यात चंदेरी किंवा मातकट. लाल रंगावर भाळू नकोस. पाणी सगळ्यात आधी लाल गिळतं, खोलात तो करडाच दिसतो.

टोक, गाठ, बादली

गळाचे आकडे उलटे चालतात: 2 पेक्षा 6 लहान. पण 1/0, 2/0 लिहिलं की आकडा वाढेल तसा गळ मोठा. टोकाची परीक्षा नखावर. टोक नखावर अलगद टेकवून सरकव. रुतून थांबलं तर धार आहे, घसरलं तर बारीक कानशीचे तीन हात मार, बुडाकडून टोकाकडे.

टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट कर. पहिली दोन वर्षं तरी. माझ्या अंगठ्यात एकदा गळ काट्यासकट गेला. ओढून काढायला गेलो तर मांस वर यायला लागलं. शेवटी डॉक्टरांनी भूल देऊन काढला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन ठोकलं. काटा दाबलेला असता तर दोन सेकंदांचं काम. आणि दोरा सैल सोडला नाहीस तर काट्याशिवायही मासा सुटत नाही.

गाठ आवळण्याआधी ओली कर. कोरडा तंगूस आवळताना तापतो आणि नेमका तिथंच तुटतो. तुझा परवाचा बेडूक पाल्यानं नेला असं तुला वाटतंय. मी तुटकं टोक बघितलं, ते गाठीशीच कुरळं झालेलं होतं. माशाच्या नाकाशी घट्ट गाठीऐवजी छोटा फासा ठेव, म्हणजे तो मोकळा डोलतो.

तळ्यावर नेण्याआधी प्रत्येक गळ बादलीत बघायचा. गच्चीवरच्या टाकीत बघायचा नाही. सोसायटीत मी एकदा बोलणी खाल्ली आहेत, आणि ती रास्त होती. एका अंगावर कलला तर दुसऱ्या अंगाला खिळ्याचा तुकडा टोच. नाक बुडत असेल तर बुडाशी वजन वाढव. हाताच्या अंतरात ओढून बघ. तेवढ्यात डोलला नाही तर तळ्यातही डोलणार नाही.

कधी हात आवरायचा

आपल्याकडे 7 जूनच्या सुमाराला मृग लागतो, शेतकरी आभाळाकडे बघतो. इथं तीच मृगशिरा कार्ते. त्या दिवशी सगळं हैदराबाद मासे खातं, बाजारात पाय ठेवायला जागा नसते, आणि नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्यासाठी मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला लांबलांबून लोक येतात. पण पाण्यात त्याच दिवसांत दुसरं काही चालू होतं. पहिल्या पावसाला मासे चढणीला लागतात, मरळीची जोडी पाल्यात जागा करून अंडी घालते. पुढे कधी पाण्यावर तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा गोळा सरकताना दिसेल, जणू कुणी कुंकू सांडलं. ती पिल्लं. त्यांच्याखाली आईबाप राखण करत असतात. त्या वेळी त्या गोळ्यावर काहीही टाक, भुकेनं नव्हे तर पिल्लांच्या काळजीनं ते झडप घालतात. त्या रागाचा फायदा घेऊन मरळ धरणं फार सोपं असतं. म्हणूनच धरायची नाही. आईबाप गेले की दुसरे मासे तासाभरात पिल्लं फस्त करतात.

आणि विचारल्याशिवाय कुठं काठी टाकायची नाही. शहराबाहेरच्या बहुतेक तळ्यांतला मासा तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्यांचा असतो. त्यांनी बीज सोडलेलं असतं, त्यांचं पोट त्यावर असतं. काठावर जाळं विणणाऱ्याला तेलुगूत नमस्कार कर, विचार, मग बस. 'गालम्' म्हणालास की त्याला कळेल. सोडून द्यायचा मासा धरताना हात ओले करायचे, नाही तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे बुरशी लागून मरतो.

शेवटचं

एक वही कर. कोणता गळ कुठं हरवला ते लिही: तारीख, पाणी, पाला, काय चुकलं. मी पहिल्या वर्षात एकतीस घालवले. दुसऱ्या वर्षी अठरा. ज्या वर्षी फक्त चार हरवले त्या वर्षी मासेही फार कमी मिळाले. वही उघडून बघितली तर मी वर्षभर उघड्या पाण्यातच फेकत होतो. वय झालं होतं, हात घाबरायला लागला होता. पुढच्या वर्षी मुद्दाम चपलेचे बारा बेडूक केले आणि सगळे पाल्यात फेकले.

शनिवारी ये. येताना जुनी चप्पल आण, डावी-उजवी कोणतीही. दोन तोंडांचे गळ माझ्याकडे आहेत. चमचा मात्र बेगम बाजारातून घेऊन ये. आमच्या लग्नातला बारा चमच्यांचा सेट होता. तुझी आजी दर दिवाळीला तो मोजते. सध्या सात भरतात, आणि बाकीचे पाच कुठं गेले ते तिनं मला अजून विचारलेलं नाही.